बसलेलं पेडल

गिटारीचं पेडल विकत घ्यायला पुण्याला जाणारा माणूस सोबत काय नेईल? फार तर गिटार. आमचे किसननाना गिटारीबरोबर भोंगासुद्धा न्यायचे. देवळाच्या शिखराला किंवा लग्नाच्या मांडवाला बांधलेला असतो तसला, पत्र्याचा, कर्ण्यासारख्या तोंडाचा भोंगा. तो गोणपाटात गुंडाळून ते मार्गासनीच्या थांब्यावर एसटीची वाट बघत उभे राहायचे आणि गाडीत बसले की मांडीवर घ्यायचे. कंडक्टर विचारायचा, "नाना, आज कुणाच्या लग्नाला?" नाना गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "लगीन लांब हाय. आज निस्ती पोरगी बगायची."

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा मला त्या भोंग्याची लाज वाटली होती. पेठेतलं वाद्यांचं दुकान, काचेचं दार, आत गार हवा, भिंतीवर चकाकणाऱ्या गिटारी. दुकानदाराने अदबीने एक पेडल काढून समोर ठेवलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हे पेडल म्हणजे साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी अशी लोखंडी डबी. गिटार आणि आवाज वाढवणारं मशीन यांच्या मध्ये ती जोडतात आणि पायाने दाबतात. दाबली की गिटारीचा गुळगुळीत आवाज किंचित फाटतो, त्यात खर येते, दाणा येतो. या फाटण्याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात, आणि किती फाटावं हे ठरवण्यातच सगळी कला असते. दुकानदाराने ते पेडल आपल्या भल्यामोठ्या स्पीकरला जोडून वाजवून दाखवलं. मला ते फार सुंदर वाटलं. नाना म्हणाले, "हितं गोडच वाजनार वो. ह्यो तुमचा स्पीकर म्हंजी गादी हाय. गादीवर कुनालाबी झोप लागंल. आमच्याकडं भोंगं हाईत. भोंग्यातनं वाजवून दावा."

मग गोणपाट सुटलं. गिऱ्हाइकं बाजूला सरकली. भोंगा दुकानाच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून बसवला गेला आणि नाना स्वतः रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीपाशी जाऊन उभे राहिले. तिथून हात करून ते दुकानदाराला तारा छेडायला सांगत होते. जत्रेतला माणूस काही मशीनपाशी बसून ऐकत नाही, तो पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला रसाच्या गाड्यापाशी उभा राहून ऐकतो, हा त्यांचा विचार. ते महागडं पेडल भोंग्यातून गांधीलमाशीसारखं चावलं. दुसरं घशात अडकलं. तिसरं होतं साधंसुधं, रंगसुद्धा धड नसलेलं, पण ते भोंग्यातून रुंद आणि ऊबदार वाजलं. टपरीपाशी नानांनी मान डोलावली. परत आल्यावर म्हणाले, "ही नांदंल." दुकानदार हसून बेजार झाला होता. पुढे पुढे तर नाना बरेच दिवस आले नाहीत की तोच फोन करून चौकशी करायचा.

नानांची मार्गासनीत भाताची गिरणी आहे. मी तिथल्या शाळेत शिक्षिका, भोरहून स्कूटीवर ये-जा करणारी. शाळेची भिंत आणि गिरणीची भिंत यांच्यामध्ये एक बोळ, त्यामुळे सुगीच्या दिवसांत माझा निम्मा वर्ग गिरणीच ऐकायचा. माझे वडील आमच्या वस्तीत भीमगीतं गायचे, लहानपणी मी त्यांच्या मागे कोरसला उभी राहिलेली, तेव्हा आवाज चढवायची मला सवय होती. एकदा परिपाठाला माइक बंद पडला म्हणून मी प्रार्थना मोकळ्या गळ्याने म्हटली, आणि मध्येच पलीकडची गिरणी थांबली. भात घेऊन आलेल्या बायका ओरडायला लागल्या. जरा वेळाने अंगभर कोंडा माखलेला, भुवया पांढऱ्या झालेला एक माणूस शाळेच्या फाटकात येऊन उभा राहिला. "बाई," तो म्हणाला, "तुमचा आवाज गिरणीच्या वरनं ऐकाय आला. आसला आवाज शाळंत नासवू नगा. आमच्यात या." हे नाना. त्यांच्यात जाणं म्हणजे हळदीत, जयंतीत आणि जत्रेत गाणं म्हणणं. गिटारीवर नाना, ढोलकीवर दगडू टेलर, आणि गायला त्या दिवसापासून मी.

विजेवर चालणारी गिटार भातगिरणीत कशी आली, याची नाना दर वेळी वेगळी गोष्ट सांगत. त्यातली खरी वाटते ती अशी. पुण्याच्या कुठल्याशा ऑर्केस्ट्रातला एक गिटारवाला वाद्य सोडून शेतीला लागला. त्याच्या घरी गिटार धूळ खात पडली होती आणि नानांच्या घरी इंद्रायणीचा तांदूळ होता. अदलाबदल झाली. शिकवायला कोणी नव्हतं. गिरणीची मोटर सुरू असताना तिच्या घुंईईवर सूर लावून त्यांनी बोटं बसवली. त्यामुळे त्यांचं सगळं वाजवणं गिरणीच्या पट्टीत होतं, आणि मलाही त्याच पट्टीत गावं लागायचं.

त्यांची भाषाही गिरणीचीच. पेडलवर तीन खुंट्या असतात. आवाज किती फाटावा, किती टोकदार व्हावा आणि किती मोठा व्हावा, यासाठी एकेक. नाना त्यांना तूस, धार आणि जोर म्हणत. पेडल न दाबता वाजवलेली गिटार म्हणजे साळ, नुसतीच टरफलासकट. आवाज जास्त फाटला तर त्याची कणी झाली, म्हणजे दाणाच मोडला. "बाई, भात सडताना तूस निगालं पायजे आन् दाना मोडता कामा न्हाई. गिटारीचंबी तसंच. वरचं गुळगुळीत तेवडं निगावं, आतला सूर आख्खा ऱ्हावा." हे ते सांगत तेव्हा त्यांची बोटं हवेत खुंटी फिरवत असायची, केसाएवढी अलीकडे, केसाएवढी पलीकडे. त्यांच्या गिटारीतून तो अख्खा दाणा मी अनेकदा ऐकलाय. हळदीच्या मांडवात त्यांनी एखादी ओवी गिटारीवर धरली की पाटा-वरवंटा सोडून बायका ऐकत बसायच्या.

मग पेडलं बसायला लागली.

बसणं हा नानांचा शब्द. आवाजातला तजेला गेला, तो दबला, की पेडल बसलं. पहिलं बसलं तेव्हा कोणाला काही वाटलं नाही, जुनंच होतं ते. भोंगा गोणपाटात गेला, नवं आलं. ते काही महिने नांदलं आणि तेही बसलं. "पोतं टाकल्यावानी वाजतंय," नाना म्हणाले. पुन्हा स्वारगेट. मग हे चालूच राहिलं. दगडू म्हणायचा, "नाना, आमच्याकडं उसवलेलं शिवून देतात. तुमी तर सदराच फेकताय." नानांची बायको, कमलकाकू, त्यांची तक्रार वेगळीच होती. "घरात तवा बदलायचा म्हनलं तर मला दहादा इचारत्यात का गं लागतोय. पेडल मातुर न इचारता बदलतंय."

फेकणं मात्र त्यांच्याच्याने होत नसे. बसलेलं पेडल ते कोणाला तरी देऊन टाकत. एक भोरच्या एका मुलाला, एक वेल्ह्याच्या बाजूला भजनात गिटार वाजवणाऱ्या एका गुरवाला, एक सारोळ्याच्या बेंजोवाल्यांना. देताना बजावून सांगत, "बसल्यालं हाय बरं का. चाललं तर चालवा, न्हाई तर माझ्या नावानं खडं फोडू नगा." अशी त्या दोन तालुक्यांत नानांची पेडलं पसरली.

इकडे आमचं काही खरं नव्हतं. नव्या पेडलची धार नाना आणतानाच शेवटपर्यंत फिरवून ठेवायला लागले होते, जोरही वाढत चालला होता. नसरापुरातल्या एका हळदीत म्हाताऱ्या बायका कानावर पदर धरून घराच्या मागच्या अंगाला जाऊन बसल्या. मला त्या आवाजाच्या वर गावं लागायचं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात तोंडातून आवाज फुटायचा नाही. फळ्यावर लिहून शिकवायचे मी. सांगितलं तर नाना खरंच वाईट वाटून म्हणत, "तुमचंबी बरोबर हाय बाई. पर दबलंय म्हून चढवतोय. चांगलं गावलं की खाली घिऊ." मध्येच ते दगडूकडे वळत, "तुजी ढोलकीची चाट पन बसलीय रं. शाई बदलून घे." चाट म्हणजे ढोलकीच्या काठावरचा टणटणीत आवाज, आणि पुडीवरची काळी शाई दगडूने नुकतीच बदललेली असायची.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण मध्ये जत्रा आली. कमलकाकूंचं माहेर गुंजवण्याच्या अंगाला, धरणाच्या पाण्यात गेलेलं. माणसं पांगली, कोणी सारोळ्याकडे, कोणी शिरवळला, कोणी पुण्यात. देव तेवढा वरच्या टेकाडावर नवं देऊळ बांधून बसवलाय. चैत्रात तिथे जत्रा भरते आणि वर्षभर एकमेकांची तोंडं न दिसलेली माणसं तिथे येतात. दुपारी पालखी निघण्याआधी गावाचा जावई गिटारीवर देवाचं गाणं वाजवतो आणि त्या सुरावर पालखी उचलतात. ही रीत काही पुराणकाळापासूनची नाही, नानांनीच पाडलेली आहे. पण लोकांनी ती अशी काही धरली की जावयाची गिटार वाजल्याखेरीज पालखीला कोणी खांदा देत नाही. नाना बाकी कुठला मान मागत नाहीत. हा मात्र त्यांच्या जिवाचा होता.

गेल्या वर्षीच्या जत्रेनंतर काकूंचे भाऊ, तुकाभाऊ, मला शाळेत येऊन भेटले. ते पंचांपैकी एक. व्हरांड्यात बाकावर बसले आणि टोपी हातात घेऊन फिरवत राहिले. "बाई, तुमी त्यांच्यातल्या म्हून तुमास्नी सांगतो," ते म्हणाले. "भावकी म्हनती, जावयाची गिटार आता ऐकवत न्हाई. बैलं बुजली औंदा. पोरं डीजे आना म्हनत्यात. म्या थोपवून धरलंय. पर फुडच्या साली बी आसंच झालं तर माजं कोन ऐकनार?" मी विचारलं, नानांना का नाही सांगत? ते म्हणाले, "जावई हाय वो. आन् मी सांगितलं तर ते वाजवायचंच सोडतील. त्यांना वळखता की तुमी." मी ओळखत होते. म्हणून मीही गप्प राहून वाट शोधत होते.

वाट सारोळ्यात दिसली, आणि तीही भलतीकडेच. तिथल्या एका लग्नात आमची हळद आटोपली, दुसऱ्या दिवशी वरातीला बेंजोवाले आले. नाना, दगडू आणि मी मांडवाच्या कडेला जेवून बसलो होतो. बेंजोवाल्यांतला एक तरुण गिटार घेऊन पुढे आला आणि त्याने पायाशी ठेवलं ते नानांचं पेडल. तेच, रंग उडालेलं, मी बरोबर असताना घेतलेलं. पोराने वाजवायला सुरुवात केली आणि माझ्या अंगावर काटा आला. भोंग्यातून तो जुना आवाज येत होता. रुंद, ऊबदार, खर असलेला आणि तरी आतला सूर जसाच्या तसा. मी नानांकडे बघितलं. मला वाटलं, त्यांना हळहळ वाटेल, आपण हे का देऊन टाकलं म्हणून. नाना कीव आल्यासारखं त्या पोराकडे बघत होते. "गरीब लेकरं," ते म्हणाले. "आजून त्येच बसल्यालं चालवत्यात. एकांदं बरं बगून द्याय पायजे त्यास्नी."

दगडूने माझ्याकडे पाहिलं. पेडल बसलेलं नव्हतं. एकही पेडल कधी बसलेलं नव्हतं. बसले होते ते नानांचे कान.

काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आता कळालं व्हय तुमाला? मी कवाधरनं वरडून बोलती घरात. त्यास्नी वाटतंय, बायकू म्हातारपनी खवट झाली." सांगितलं का नाही, असं विचारल्यावर त्यांनी सुपातले खडे वेचत मान हलवली. "गिरनी आन् गिटार, दोनच गोष्टी हाईत त्यांच्या. कसं सांगावं?"

सांगायचं काम शेवटी माझ्या गळ्यात आलं, आणि मला ते तोंडाने जमेना. मग मी नि दगडूने एक उद्योग केला. भोरचं, वेल्ह्याकडचं, सारोळ्याचं अशी नानांनी वाटलेली पेडलं चार दिवसांसाठी मागून आणली. रविवारी गिरणी बंद असते. गिरणीच्या अंगणात भोंगा लावला आणि नानांना म्हटलं, यातलं एखादं दुरुस्त होण्यासारखं आहे का बघूया, नवं घेण्यापेक्षा. नाना खुशीत आले. नेहमीप्रमाणे रस्ता ओलांडून चिंचेखाली जाऊन उभे राहिले. दगडू गिटार छेडायचा आणि मी एकेक पेडल बदलायचे. पहिलं लावलं. नानांनी लांबून हात हलवला, बसलंय. दुसरं, बसलंय. तिसरं, तेच. शेवटी त्यांचं सध्याचं, तीन महिन्यांपूर्वी आणलेलं लावलं. त्यालाही त्यांनी तोच हात केला, पण तो हात अर्ध्यातच थांबला.

ते सावकाश रस्ता ओलांडून आले. गिरणीच्या ओट्यावर बसले. सगळी पेडलं ओळीने ठेवली होती, त्यांच्याकडे बघत म्हणाले, "समदी कशी बसतील वो? याची कंपनी निराळी, त्याची निराळी."

दगडूने गिटार खाली ठेवली.

"गिरनीत एकाच्या साळीची कनी पडली तर आपुन म्हनतो साळ वली आसंल. दोगांची पडली तरी म्हनतो. पर येनाऱ्या परत्येकाची कनी पडाय लागली तर मानूस साळीला दोष देत न्हाई, बाई. गिरनी उगडून बगतो." त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले आणि काढले. पुन्हा ठेवले आणि काढले. "ढोलकीची चाटबी चांगली व्हती ना रं दगडू?" दगडूने मान हलवली.

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. त्यांना कोणी फसवलं नव्हतं, कोणी दुखवलं नव्हतं, तरी एवढा चांगला माणूस आपल्याच अंगणात लुटला गेल्यासारखा बसला होता.

भोरच्या डॉक्टरांनी कान तपासले. वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत, खालचे शाबूत आहेत, असं त्यांनी समजावून सांगितलं. काम काय करता, विचारलं. नाना म्हणाले, "दिसा भाताची गिरनी, सांजंला भोंगं." डॉक्टर म्हणाले, मग कानांनी बरीच वर्षं साथ दिली म्हणायची. बोलणं ऐकायला यंत्र मिळालं. ते लावून नानांना माणसं ऐकू यायची, पण गिटार वाजली की त्यात शिट्टी घुमायची. त्यांनी गिटार खोक्यात घातली, खोकं माळ्यावर टाकलं आणि तिच्याबद्दल बोलणं बंद केलं.

चैत्र जवळ आला. मी आणि दगडू घरी जाऊन बसलो. तुकाभाऊंनी जे सांगितलं होतं ते मी आता उघड सांगितलं, बैलांसकट. नाना हसले. "बरोबरच हाय भावकीचं. आंदळ्यानं रंग द्यावा आन् लोकांनी बगावा व्हय? न्हाई वाजवायचं. डीजे आना म्हनावं." मी म्हटलं, हात तर तेच आहेत ना, खुंट्या आम्ही लावतो. बरीच मनधरणी झाल्यावर दगडूने माळ्यावरून खोकं काढलं. नानांनी नुसतं छेडून बघायचं कबूल केलं. मी धार कमी केली, तर दगडू म्हणाला गिटार झोपली. त्याने वाढवली तर माझे कान फाटायला लागले. आमची दोघांची जुंपली. त्यात खरी अडचण वेगळीच होती. प्रत्येक गाण्याला, प्रत्येक वाऱ्याला खुंटी हलवावी लागते, आणि आम्ही गाणार, वाजवणार की खाली वाकून बसणार?

आमचा वाद ऐकून काकू आतून आल्या. हात पिठाचे. "ते टोकदार जरा मागं घ्या," त्या म्हणाल्या. "दात आंबल्यावानी होतंय." मी खुंटी मागे घेतली. "आनिक थोडं. न्हाई, लई झालं, फुडं घ्या. आता ते फाटनारं वाईच वाडवा. आनिक. बास." मी हात काढला. नाना वाजवत होते, आणि तो तोच आवाज होता. दगडू थापच विसरला. मी विचारलं, काकू, हे तुम्हाला कसं कळलं? त्या पिठाचे हात पदराला लागू नयेत म्हणून लांब धरून उभ्या होत्या. "लगीन झाल्यापास्नं भितीच्या अल्याड हेच ऐकतीया. यांचं चांगलं कवा व्हतं आन् वंगाळ कवा, मला ठावं हाय. कुनी इचारलंच न्हाई कदी."

नानांचा हात तारांवरच थांबला. ते काकूंकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता इचारतो. जत्रंला माज्यासंगं बसशील?"

काकू तयार होईनात. माहेरची माणसं, सगळी भावकी, त्यांच्यासमोर स्टेजवर? "लोकं म्हनतील, कमळीला म्हातारपनी नाच सुचला." आठ दिवस हेच चाललं. अखेर त्यांचं मन कशाने वळलं मला माहीत नाही. एका सकाळी शाळेच्या फाटकातून त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, स्टेजवर बसायला सतरंजी असते का पोतं आणू?

जत्रेला आम्ही गेलो तेव्हा मुलांनी सांगून ठेवलेला डीजे देवळामागे टेम्पोत उभा होता. तुकाभाऊंनी तेवढी तडजोड केली होती. पहिलं गाणं जावयाचं, ते जमलं तर ठीक, नाही तर पालखी डीजेवर. नानांना हे ठाऊक होतं. उंबराच्या फांदीला बांधलेल्या भोंग्याकडे त्यांनी एकदा बघितलं, कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि स्टेजवर उभे राहिले. त्यांच्या पायाशी, पेडलपाशी, डोक्यावरून पदर घेऊन काकू मांडी घालून बसल्या. खाली कुजबुज झाली. कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "कमळाअक्का, रिमोट हातात घेतलास व्हय?" लोक हसले. काकूंनी मान वर केली नाही. त्यांनी दोन बोटांनी खुंटी धरली.

पहिले काही सूर टोकदार निघाले. पुढे बसलेल्या एका म्हातारीचा हात कानाकडे गेला. काकूंनी खुंटी मागे घेतली. वाऱ्याने आवाज ओढून नेला तशी पुढे केली. बांगड्यांचा हात पेडलवर, डोळे मिटलेले, आणि नाना वाजवताना तारांकडे नाही, भोंग्याकडे नाही, फक्त काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यांच्या कपाळाला आठी पडली की नाना हात हलका करायचे, ती सुटली की मोकळे व्हायचे. मी गायचं होतं, पण मी दोन ओळी गाळल्या. म्हातारीचा हात कानावरून खाली आला होता. देवळाच्या पायरीवर तुकाभाऊ खाली मान घालून उभे होते, आणि पालखीचे मानकरी, ज्यांना अजून कोणी इशाराच केला नव्हता, ते खांद्यावरचे पंचे सारखे करत पुढे सरकले. पालखी उठली. डीजेवाल्याने टेम्पोत बसूनच हात जोडले.

पालखी देवळाला वळसा घालून गेली तेव्हा नाना खाली बसले. कपाळ पुसलं. मी यंत्र लावायला सांगितलं, त्यांनी नको म्हणून हात केला आणि मलाच विचारलं, "कसं वाजलं?" मी नुसती मान हलवली. ते म्हणाले, "मला समदं न्हाई ऐकाय आलं. निम्मंच आलं. पर बाई, इतकी वर्सं मला वाटायचं, म्या वाजवतो म्हून ही ऐकती. तसं न्हवतं. ही ऐकत व्हती म्हून म्या वाजवत व्हतो."

काकूंनी हे ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी पदर नीट केला, पुन्हा खुंटीवर बोटं ठेवली आणि नानांच्या गुडघ्याला हलकेच थाप मारली. पुढचं सुरू करा, माझ्या माहेरची माणसं थांबलीत.